न्हाण, ऋतुकाल आणि अंतःस्राव

ठाणें शहराच्या उत्तरेस, उल्हास नदीच्या खाडीला लागून कोलशेत हें गांव आहे. खाडीनें वर गेलें म्हणजे त्याच नदीच्या कांठीं कल्याण लागतें. या टापूंतील अनेक जुन्या घरांत मुलीला प्रथम ऋतु प्राप्त झाला म्हणजे "न्हाण आलें" असें म्हणत. तिला मखरांत बसवीत, आप्तेष्टांस साखर वांटीत, आणि विवाह पूर्वींच उरकलेला असल्यामुळें लगोलग गर्भाधानाचा मुहूर्त पाहात. तीच मुलगी पुढें दर महिन्यास "कावळा शिवला" म्हणून तीन दिवस बाजूला बसे. एकाच गोष्टीचा एकदां सोहळा आणि नंतर जन्मभर विटाळ, हा प्रकार विलक्षण खरा. परंतु ती गोष्ट घडते कां, हें मुहूर्त काढणाऱ्या भटजींस ठाऊक नव्हतें, आणि त्या काळच्या लंडन-पॅरिसच्या डॉक्टरांसही नव्हतें.

कल्याण येथें ३१ मार्च १८६५ रोजीं यमुना जोशी या मुलीचा जन्म झाला. नवव्या वर्षीं तिचा विवाह टपाल खात्यांत नोकरीस असलेल्या गोपाळराव जोशी यांच्याशीं झाला व तिचें नांव आनंदी ठेवण्यांत आलें. चौदाव्या वर्षीं तिला मुलगा झाला, तो दहा दिवसांत गेला. त्या काळीं अशा गोष्टी घरोघर घडत. फरक इतकाच कीं, या मुलीनें त्यावरून वैद्यक शिकण्याचा निश्चय केला.

तिच्या मृत्यूनंतर चार वर्षांनीं, १८९१ सालीं, हाच प्रश्न कायद्याच्या दाराशीं आला. १८६० च्या दंडसंहितेनें संमतिवयाची मर्यादा दहा वर्षांची ठेवली होती. १८९० सालीं कलकत्त्यास एक खटला चालला. दहा-अकरा वर्षांची मुलगी पतीच्या बळजोरीनें मरण पावली होती. त्यानंतर ती मर्यादा बारा वर्षें करण्याचें बिल पुढें आलें, आणि महाराष्ट्रांत रणें माजलीं. विरोधकांचें म्हणणें असें कीं, प्रथम ऋतूनंतर सोळा रात्रींच्या आंत गर्भाधान झालें पाहिजे. कांहीं मुलींस बारा वर्षांपूर्वींच न्हाण येतें. तेव्हां सरकार धर्मांत हात घालीत आहे. लोकमान्य टिळकांनीं बिलास विरोध केला. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनीं शास्त्रांचेच आधार काढून दाखविलें कीं, विलंब केल्यानें धर्म बुडत नाहीं. १९ मार्च १८९१ रोजीं बिल मंजूर झालें.

या वादांत विद्वत्ता पुष्कळ खर्च झाली. परंतु विरोधकांच्या साऱ्या युक्तिवादाच्या तळाशीं असलेली समजूत, कीं न्हाण आलें म्हणजे मुलगी मातृत्वास योग्य झाली, हिला शरीरशास्त्राच्या अंगानें नेमकें उत्तर देण्याचें साधन त्या वेळीं सुधारकांच्याही हातीं नव्हतें. तें साधन हळूहळू तयार झालें.

१८९६ च्या सुमारास व्हिएन्नांत एमिल क्नाउअर यांनीं सशांचे बीजकोश मूळ जागेवरून काढून शरीरांत दुसरीकडे बसविले. जुने मज्जातंतु तुटले होते, तरीही गर्भाशय सुकला नाहीं. याचा अर्थ, बीजकोशाचा निरोप रक्तांतून जात होता. अशा निरोप्या द्रव्यांस १९०५ सालीं लंडनच्या स्टार्लिंग यांनीं हॉर्मोन हें नांव दिलें. मराठींत त्यांस अंतःस्राव किंवा संप्रेरक म्हणतात. १९२३ सालीं अमेरिकेंत ॲलन व डॉइझी यांनीं बीजकोशाच्या स्रावाचा परिणाम उंदरांवर दाखविला. १९२९ सालीं डॉइझी यांनीं अमेरिकेंत व बुटेनांट यांनीं जर्मनींत, स्वतंत्रपणें, गर्भिणीच्या मूत्रांतून त्याच जातीचें द्रव्य शुद्ध स्वरूपांत वेगळें केलें. त्याच वर्षीं कॉर्नर व दुसरे एक ॲलन यांनीं पीतपिंडाच्या निराळ्या स्रावाचें कार्य सिद्ध केलें.

या सर्वांवरून महिन्याचा जो क्रम समजला तो असा. मेंदूच्या तळाशीं वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथि आहे. तिच्या एका स्रावानें बीजकोशांतील एक पुटक वाढूं लागतें. तें पुटक ईस्ट्रोजन सोडतें व त्यानें गर्भाशयाचें अस्तर जाड होतें. रोप लावण्यापूर्वीं खाचरांत चिखलणी करावी तसें. एऱ्हवीं ईस्ट्रोजन वाढलें कीं पीयूषिका आपला हात आखडता घेते. परंतु तें पुरेसें वाढून दोनएक दिवस टिकलें, तर उलट तिच्यांतून दुसऱ्या स्रावाचा एकाएकीं लोंढा सुटतो, पुटक फुटतें आणि बीज बाहेर पडतें. रिकाम्या पुटकाचा पीतपिंड होतो. त्याचें प्रोजेस्टेरॉन अस्तराला पोषक बनवितें. गर्भ राहिला नाहीं तर दोन आठवड्यांच्या आंतबाहेर पीतपिंड विरतो, दोन्ही स्राव ओसरतात, अस्तर गळतें व रक्त जातें. त्यांत विषारी असें कांहीं नाहीं; न आलेल्या पाहुण्याचा तो बिछाना उचललेला असतो.

ऋतुकालाची गणना यावरून ताडून पाहाण्याजोगी आहे. मनुस्मृतींत ऋतूच्या सोळा रात्री सांगितल्या असून पहिल्या चार वर्ज्य मानिल्या आहेत; सुश्रुतानें बारा रात्री धरल्या आणि दिवस सरल्यावर कमळ मिटतें तसा पुढें गर्भाशय मिटतो असें म्हटलें. जपानांत ओगिनो यांनीं १९२४ सालीं आणि ऑस्ट्रियांत क्नाउस यांनीं पुढें लौकरच दाखविलें कीं, बीज पुढील ऋतूच्या सुमारें चौदा दिवस आधीं सुटतें. अठ्ठावीस दिवसांच्या पाळींत हा चौदावा दिवस. म्हणजे तो मनूच्या गणनेंत बसतो, सुश्रुताच्या बसत नाहीं! मात्र एकोणिसाव्या शतकांतील पुष्कळसे युरोपीय डॉक्टर त्याहून चुकले होते. कुत्रीच्या माजावरून अनुमान काढून ते पाळीच्या मधले दिवस निर्भय समजत, आणि नेमक्या त्याच दिवसांची शिफारस करीत. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र उघडलें तेव्हां ओगिनो यांचा निबंध निघावयाचा होता.

आतां न्हाणाचा मुद्दा. कॉर्नर यांनीं ऱ्हीसस जातीच्या माकडिणींवर प्रयोग केले. ही माकडें हिंदुस्थानांतून परदेशीं जात, व ती निर्यात १९७८ सालीं बंद झाली. त्यांना असें आढळलें कीं, माकडिणीस बीज न सुटतांही ऋतु येतो. पुढें मुलींच्या बाबतींतही तेंच दिसून आलें. पहिल्या एक-दोन वर्षांतील पुष्कळशा पाळ्या अशा भाकड असतात, कारण ईस्ट्रोजनच्या इशाऱ्यावर लोंढा सोडण्याची पीयूषिकेची क्षमता अजून पक्की झालेली नसते. बीज सुटलेंच तरीही धोका टळत नाहीं. कटीचीं हाडें न्हाणानंतरही कांहीं वर्षें वाढत असतात, आणि मूल ज्या वाटेनें यावयाचें ती वाट तोंवर अरुंद असते. न्हाण हें वाढीच्या मध्यावरचें चिन्ह आहे, शेवटचें नव्हे. १९२९ च्या सारडा कायद्यानें मुलीचें विवाहवय चौदा ठरविलें. तें अठरा होण्यास १९७८ साल उजाडावें लागलें.

कोलशेतास टपालाच्या पत्त्यांत "सँडोज बाग" हें नांव आहे. स्वित्झर्लंडांतील बाझल येथील सँडोज कंपनीच्या येथल्या कारखान्यावरून तें पडलें. येथें रंग व रसायनें होत. परंतु याच कंपनीच्या बाझलच्या प्रयोगशाळेंत, राय धान्यावरील अर्गट बुरशीच्या द्रव्यांपासून, १९६० नंतरच्या दशकांत ब्रोमोक्रिप्टीन हें औषध निघालें. तें पीयूषिकेचा प्रोलॅक्टिन नांवाचा स्राव थांबवितें. या स्रावानें आईला दूध येतें. आणि मूल वारंवार अंगावर पीत असलें म्हणजे बीजकोशाचें काम बहुधा थांबून राहातें. पाजणारीची पाळी लांबते, हें गांवोगांवच्या सुइणींस पूर्वींपासून ठाऊक होतें. कारण मागाहून कळलें. मूल गेलें कीं पिणें थांबतें, प्रोलॅक्टिन उतरतें, आणि थोड्याच आठवड्यांत शरीर पुन्हां गर्भाच्या तयारीस लागतें. दहा दिवसांचें मूल गमावलेल्या चौदा वर्षांच्या मुलीच्या बाबतींतही तें याच नियमानें चालतें. तिला विचारून नव्हे.

आनंदीबाईंस पुढें अपत्य झालें नाहीं. १८८३ सालीं त्या अमेरिकेस गेल्या. ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयानें त्यांस एम. डी. ची पदवी दिली. त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदु आर्यांमधील प्रसूतिविद्या हा होता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, वयाचीं बावीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, पुण्यास त्या वारल्या. क्नाउअर यांचे ससे त्यानंतर नऊ वर्षांनीं आले.