शालेय समुपदेशन, गोपनीय

विद्यार्थ्याने शाळेतील समुपदेशकाजवळ मन मोकळे करावे आणि ते बोलणे त्याच्या संमतीवाचून शिक्षक, वर्गमित्र वा घरच्यांपर्यंत जाऊ नये, अशी मदतीची व्यवस्था. ठाणे जिल्ह्यात मानसिक आरोग्याच्या कामाला डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात स्थापन केलेल्या आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) या संस्थेमुळे मोठे बळ मिळाले. याच जिल्ह्यातील, कसारा रेल्वेमार्गावरील टिटवाळ्यासारख्या ठिकाणी, जिथे शिक्षक, शिकवणीवाले आणि शेजारी एकमेकांच्या ओळखीचे असतात, तिथे गुप्तता अधिकच मोलाची. शिपायाने भर वर्गात चिठ्ठी आणून नाव पुकारले, की मुलगी खोलीत पोचण्याआधीच मिटून जाते. म्हणून भेटीची वेळ परस्पर ठरवावी, खोली शिक्षककक्षाला लागून नसावी, नोंदवही कुलपात राहावी आणि तिच्यातले अक्षरही प्रगतिपुस्तकात उतरू नये.

ही गुप्तता निरपवाद नसते. जिवाला धोका असल्यास पालकांना सांगावेच लागते. लैंगिक अत्याचार कळल्यास पॉक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. हे पहिल्याच भेटीत मुलाला स्पष्ट न सांगणे म्हणजे त्याचा विश्वासघात होय.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना प्रशिक्षित समुपदेशक नेमण्याचे निर्देश दिले. शाळेबाहेर १०९८ ही बालकांसाठीची आणि १४४१६ ही टेली-मानस या मानसिक आरोग्यसेवेची हेल्पलाइन विनामूल्य आहे.