खिशांतील विजेरी

विजेरी घ्यावयास दुकानांत गेलेला मनुष्य बहुधा तिची कांच पाहतो, कळ दाबून झोत भिंतीवर टाकतो आणि पसंती ठरवितो. आंत कोणता सेल घालावयाचा हा प्रश्न पैसे देतांना, अगदीं शेवटीं निघतो. या वस्तूचा इतिहास पाहिला तर हा क्रम उलटा असावयास हवा असें दिसून येतें.

१८६६ सालीं जॉर्ज लेक्लांशे या फ्रेंच अभियंत्यानें जो विद्युत्‌घट तयार केला, त्यांत जस्त, कर्ब, मँगॅनीज डायॉक्साइड आणि नवसागराचें पाणी होतें. हिंदकळणाऱ्या पाण्याची ही बरणी खिशांत घालून कोण हिंडणार? ती अडचण जर्मनींतील कार्ल गास्नर यानें १८८६ सालीं दूर केली. त्यानें नवसागराचा द्रव प्लास्टर ऑफ पॅरिसमध्यें मुरविला आणि भांडेंच जस्ताचें केलें. हाच शुष्क घट, म्हणजे आजच्या सेलाचा पूर्वज.

त्याच्या बळावर डेव्हिड मिसेल याला न्यूयॉर्कमध्यें नळीच्या आकाराची विजेरी करितां आली. तिचें पेटंट १० जानेवारी १८९९ रोजीं मिळालें. कॉनराड ह्यूबर्ट याच्या कंपनीनें अशा विजेऱ्या तेथील पोलिसांना वापरून पाहण्यास दिल्या. परंतु सेल दुबळे आणि दिव्यांतील कर्बाची तार वीज अधाशीपणें खाणारी. त्यामुळें क्षणभर उजेड पाडून कळ सोडावी लागे. इंग्रजींतील ‘फ्लॅश-लाइट’ हें नांव त्यावरूनच पडलें. १९१० सालीं टंगस्टनची बारीक तार ओढण्याची युक्ति साधली आणि उजेड स्थिर झाला.

तरीहि सेलाची सत्ता कायम राहिली. १ सप्टेंबर १९३९ पासून ब्रिटनमध्यें युद्धामुळें रात्रीं दिवे झांकण्याचा हुकूम सुटला. काळोख्या रस्त्यांवर वाहनांखालीं सांपडून माणसें मरूं लागलीं. कांचेवर पातळ कागद लावून विजेरी वापरण्यास मोकळीक मिळाली. पण लहान विजेऱ्यांना लागणारे आठ नंबरचे सेलच बाजारांतून नाहींसे झाले. हातांत विजेरी असूनहि लोक चांचपडत चालले.

जस्ताच्या सेलाचा दुसरा दोष घरोघरच्या अनुभवाचा आहे. वीज देतां देतां त्याचें भांडेंच झिजतें, त्याला छिद्र पडतें आणि झिरपलेला द्रव विजेरीची आंतली कमान खाऊन टाकतो. लुइस अरी या कॅनेडियन अभियंत्यानें अल्कलाइन सेल सिद्ध केला, तो १९५९ सालीं बाजारांत आला. त्यांत जस्ताची भुकटी आंत असते आणि बाहेरचें कवच पोलादाचें असतें. त्याची शक्ति पुष्कळ अधिक. मात्र वर्षानुवर्षें विसरला गेल्यास तोहि गळतोच.

पुढें निळ्या प्रकाशाच्या एलईडीचा शोध लागला, त्याबद्दल तिघां शास्त्रज्ञांना २०१४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांतूनच पांढरा एलईडी निघाला आणि थोड्या विजेंत भरपूर उजेड पडूं लागला. त्यामुळें आतां एकाच सेलाची विजेरी पुरेशी होते.

मग सेल कोणता घ्यावा? अगदीं बारीक विजेरी हवी असेल तर १०.५ मिलिमीटर जाडीचा ‘ट्रिपल ए’ चालेल, परंतु १४.५ मिलिमीटर जाडीच्या ‘डबल ए’मध्यें सुमारें दुप्पट वीज मावते. रोजच्या वापरास पुन्हां भरतां येणारा १.२ व्होल्टचा निकेलचा सेल काटकसरीचा. संकटाकरितां ठेवून द्यावयाच्या विजेरीस १.५ व्होल्टचा लिथियम सेल उत्तम, कारण तो दीर्घकाळ टिकतो. मात्र ‘१४५००’ या नांवाचा लिथियम-आयन सेल आकारानें ‘डबल ए’सारखाच असला तरी त्याचा दाब ३.६ व्होल्टच्या आसपास असतो. विजेरीवर तशी स्पष्ट परवानगी नसेल तर तो घालूं नये. दिवा जळून जाण्याचा संभव असतो.

विजेरी कोणतीहि असो, महिन्यांतून एकदां कळ दाबून पाहावी आणि बराच काळ लागणार नसेल तर सेल काढून शेजारीं ठेवावा. सर्प दारांत आल्यावर सेल शोधावयास वेळ नसतो.