उपोषणाने हललं नाही, ते फुटबॉलने हललं

पत्रकारितेचा डिप्लोमा करताना पहिल्या आठवड्यातच सरांनी फळ्यावर एक शब्द लिहिला होता. मिसुरी. अमेरिकेच्या मधोमध असलेल्या या राज्यातल्या विद्यापीठाने १९०८ साली पत्रकारितेचं स्वतंत्र महाविद्यालय काढलं. ते काढणारा वॉल्टर विल्यम्स स्वतः कधी कॉलेजात गेला नव्हता. छोट्या गावातल्या पेपरांत काम करत तो मोठा झाला, आणि पुढे त्याच विद्यापीठाचा अध्यक्षही झाला. आमच्यासारख्या तालुक्याच्या बातमीदारांना हा माणूस आपला वाटायचा. त्यामुळे २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच विद्यापीठाच्या अध्यक्षाची खुर्ची गेल्याची बातमी आली, तेव्हा मी ती इतर परदेशी बातम्यांसारखी वाचून सोडून दिली नाही.

एक खुलासा आधीच करतो. हे विद्यापीठ ज्या गावात आहे त्याचं नाव कोलंबिया. बाबासाहेब शिकले ते कोलंबिया विद्यापीठ न्यूयॉर्कचं. त्याचा याच्याशी संबंध नाही.

गोष्ट २०१५ ची असली तरी सुरुवात १९३० च्या दशकापासून करावी लागते. लॉईड गेन्स नावाच्या काळ्या तरुणाने मिसुरीच्या कायदा महाविद्यालयात अर्ज केला. गुणवत्ता होती, प्रवेश नाकारला. राज्य म्हणालं, शेजारच्या राज्यात जाऊन शीक, फी आम्ही भरतो. म्हणजे पैसे घे, पण आमच्या दारात उभा राहू नकोस. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि डिसेंबर १९३८ मध्ये गेन्स जिंकला. कोर्टाने सांगितलं की गोऱ्यांना राज्यात कायद्याचं शिक्षण देत असाल, तर काळ्यांनाही ते राज्यातच द्यावं लागेल. त्यावर राज्याने काय केलं? काळ्यांसाठी घाईघाईने वेगळं कायदा महाविद्यालय थाटलं. आणि १९३९ च्या मार्चमध्ये शिकागोत गेन्स संध्याकाळी घराबाहेर पडला तो परत आलाच नाही. त्याचं काय झालं हे आजतागायत कुणाला कळलेलं नाही.

पहिल्या काळ्या विद्यार्थ्याला या विद्यापीठात पाऊल ठेवायला १९५० साल उजाडावं लागलं. विद्यापीठाची स्थापना १८३९ ची. मधली १११ वर्षं मोजा.

आता २०१५ कडे येऊ. अध्यक्ष होते टिम वुल्फ. राज्यभरातल्या चार कॅम्पसचा कारभार त्यांच्या हाती. हे प्राध्यापक नव्हते, कंपनीतून आलेले. आयबीएम, नॉव्हेल अशा ठिकाणी अधिकारी म्हणून काम केलेले. पण बाहेरचेही नव्हते. याच गावात वाढले, शाळेच्या फुटबॉल संघात खेळले, याच विद्यापीठात शिकले. विद्यापीठ कंपनीसारखं नीट चालवावं म्हणून त्यांना २०१२ मध्ये आणलं होतं.

त्याआधीच्या वर्षी, २०१४ मध्ये, दोन तासांच्या अंतरावरच्या फर्ग्युसन गावात एका काळ्या तरुणाला पोलिसाने गोळी घातली होती. ते वातावरण निवळलं नव्हतं. २०१५ च्या सप्टेंबरात विद्यार्थी संघटनेच्या काळ्या अध्यक्षालाच रस्त्यात शिवीगाळ झाली. विद्यापीठाचा प्रतिसाद थंड आणि उशिरा आला. १० ऑक्टोबरला माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याची मिरवणूक होती. वुल्फ उघड्या मोटारीत बसलेले. काळे विद्यार्थी हातात हात घालून गाडीपुढे उभे राहिले आणि १८३९ पासूनचा सगळा हिशेब मोठ्याने सांगू लागले. त्यांनी आपल्या गटाच्या नावातच १९५० हा आकडा घातला होता.

वुल्फ गाडीतून उतरले नाहीत.

माझ्या मते खुर्ची तिथेच गेली. राजीनामा पुढच्या महिन्यात आला एवढंच. दोन मिनिटं खाली उतरून "बोला, ऐकतो" म्हणायला काही खर्च नव्हता. माफी त्यांनी मागितली, पण जवळजवळ चार आठवड्यांनी. आणि साधारण त्याच वेळी कॅन्सस सिटीत विद्यार्थ्यांनी गाठून विचारलं की व्यवस्थेतला अन्याय म्हणजे तुमच्या मते काय, तेव्हा त्यांनी दिलेल्या उत्तराचा अर्थ असा निघत होता की समान संधी आहे यावर तुमचाच विश्वास नाही. झालं. तो व्हिडिओ फिरला.

२ नोव्हेंबरला एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने उपोषण सुरू केलं. अध्यक्ष जाईपर्यंत अन्न घेणार नाही म्हणाला. हिरवळीवर तंबू पडले. पाच दिवस झाले, काही हललं नाही. मग शनिवारी, ७ नोव्हेंबरच्या रात्री, फुटबॉल संघातल्या तीसेक काळ्या खेळाडूंनी उपोषणकर्त्यासोबत हातात हात घालून फोटो टाकला आणि जाहीर केलं की अध्यक्ष जाईपर्यंत आम्ही मैदानात उतरणार नाही.

इथे थोडं थांबावं लागेल, कारण अमेरिकेतला कॉलेज फुटबॉल आपल्याला चटकन कळत नाही. आपल्याकडे विद्यापीठाचा संघ कुठे खेळतो हे त्याच विद्यापीठातल्या पोरांना माहीत नसतं. तिथे साठ-सत्तर हजार लोक तिकीट काढून बसतात, टीव्हीचे करार कोट्यवधी डॉलरचे असतात. त्या वर्षी मिसुरीचे प्रशिक्षक गॅरी पिंकेल यांचा पगार वर्षाला ४० लाख डॉलर होता. अध्यक्षांचा साडेचार लाखांच्या आसपास. म्हणजे विद्यापीठाच्या प्रमुखापेक्षा खेळ शिकवणारा जवळपास नऊपट महाग. आणि प्रत्यक्ष खेळणारे? त्यांना शिष्यवृत्ती, त्यापलीकडे पगार नाही. नियमच तसे होते.

पुढचा सामना १४ नोव्हेंबरला होता. संघ उतरला नसता तर करारानुसार विद्यापीठाला १० लाख डॉलर भरावे लागले असते. रविवारी पिंकेल यांनीही संपूर्ण संघाचा फोटो टाकून आम्ही खेळाडूंच्या मागे आहोत असं जाहीर केलं. त्याच दिवशी राज्याच्या विधानसभेतल्या उच्च शिक्षण समितीच्या रिपब्लिकन अध्यक्षांनीही वुल्फ यांनी जावं असं म्हटलं. सोमवारी, ९ नोव्हेंबरला सकाळी, नियामक मंडळाच्या बैठकीत वुल्फ यांनी राजीनामा दिला. संध्याकाळपर्यंत कोलंबिया कॅम्पसचे चॅन्सेलर लॉफ्टिन यांनीही पद सोडत असल्याचं सांगितलं.

अनेक दशकांचं गाऱ्हाणं, महिन्याभराचं आंदोलन, सात दिवसांचं उपोषण. आणि निकाल लागला तो खेळाडूंच्या घोषणेनंतर दोन दिवसांच्या आत.

यात आनंद मानावा की वाईट वाटून घ्यावं? मला दोन्ही वाटलं. आनंद याचा की ज्या पोरांच्या अंगमेहनतीवर सगळा डोलारा उभा, त्यांना पहिल्यांदा आपली ताकद कळली. वाईट याचं की उपाशी माणसाकडे बघून न हललेली संस्था दहा लाख डॉलरचा आकडा बघून हलली.

त्याच सोमवारी आणखी एक गोष्ट घडली, जी पत्रकार म्हणून मला टोचते. विजयाच्या क्षणी आंदोलकांनी तंबूंभोवती कडं केलं आणि फोटो काढणाऱ्या एका विद्यार्थी छायाचित्रकाराला ढकलत मागे नेलं. एका प्राध्यापिकेने तर व्हिडिओ घेणाऱ्या दुसऱ्या विद्यार्थ्याला हुसकायला दणकट माणसं बोलावण्याची हाक दिली. सार्वजनिक जागा, आणि तीही पत्रकारितेच्या त्या माहेरघरात. छायाचित्रकार पोरगा शांतपणे सांगत होता की राज्यघटनेच्या ज्या पहिल्या दुरुस्तीने तुम्हाला इथे उभं राहायचा हक्क दिलाय, तिनेच मलाही दिलाय. मोर्च्यात कॅमेऱ्यावर हात मी स्वतः अनुभवलाय, आणि तो नेहमी पोलिसांचाच नसतो. आपली बाजू न्यायाची आहे एवढ्यावर दुसऱ्याचा हक्क काढून घेता येत नाही. शंभरावर आमदारांनी त्या प्राध्यापिकेला काढा म्हणून पत्र दिलं आणि फेब्रुवारीत तिची नोकरी गेली. तिचं चुकलंच. पण आमदारांनी पत्र लिहून प्राध्यापक काढायचे, ही पद्धतही मला बरी वाटत नाही.

कारण राजकारण आता दुसऱ्या बाजूने आत शिरलं होतं. डिसेंबरमध्ये एका रिपब्लिकन आमदाराने विधेयक आणलं की खेळायला नकार देणाऱ्या खेळाडूची शिष्यवृत्ती काढून घ्यावी. ओरड झाल्यावर काही दिवसांत ते मागे घेतलं. पण किंमत वसूल व्हायची राहिली नाही. २०१५ मध्ये पहिल्या वर्षाला ६,२०० च्या आसपास विद्यार्थी आले होते. २०१७ मध्ये आले ४,१०० च्या आसपास. गोऱ्या पालकांना वाटलं इथे गोंधळ आहे, काळ्या पालकांना वाटलं इथे आपली मुलं सुरक्षित नाहीत. दोघांनीही पाठ फिरवली. वसतिगृहं बंद ठेवावी लागली, शेकडो पदं गेली. अध्यक्ष बदलल्याची किंमत शेवटी सफाई कामगार आणि हंगामी शिक्षकांपर्यंत झिरपली.

तरी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. वुल्फ गेल्यावर हंगामी अध्यक्ष म्हणून निवड झाली मायकेल मिडलटन यांची. १९६८ मध्ये याच विद्यापीठात काळ्या विद्यार्थ्यांची संघटना उभी करणाऱ्या पोरांपैकी ते एक. इथूनच कायदा शिकलेल्या अगदी पहिल्या काळ्या पदवीधरांत त्यांचं नाव. ज्या दारातून गेन्सला परत पाठवलं, त्याच दारातून शिकून बाहेर पडलेला माणूस सत्तेचाळीस वर्षांनी अध्यक्षाच्या खुर्चीत बसला, आणि विद्यार्थिदशेत आपण मांडलेल्या मागण्यांसारख्याच मागण्यांची यादी टेबलावर त्याची वाट बघत होती!

म्हणून मला वुल्फ खलनायक वाटत नाहीत. बदमाश तर नाहीच नाही. जुना हिशेब थकलेला असताना ते नेमके खुर्चीत होते आणि गाडीतून उतरले नाहीत. संस्था चालवणाऱ्यांनी, मग ती ग्रामपंचायत असो की विद्यापीठ, एवढं जरी लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. गाडीपुढे कुणी उभं राहिलं तर आधी खाली उतरा.

तुम्हाला काय वाटतं, तेव्हाच उतरले असते तर वाचले असते का? कमेंटमध्ये लिहा. मतभेद चालतील, शिव्या नकोत.