छापील म्हणजे नक्कल नव्हे

अंधेरीपासून मुलुंडपर्यंत कुठेही चित्रसंग्रहाचा विषय निघाला की एक मत हमखास ऐकू येते: छापील चित्र ही नक्कल, पैसे घालायचे तर मूळ चित्रात घाला. रविवर्म्याच्या जुन्या तसबिरींना यातून सूट मिळते. एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसच्या प्रतिष्ठितांची अर्कचित्रे मात्र रद्दीत जमा होतात, कारण ती वर्तमानपत्राची पाने.

वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. मळवलीला हलण्याआधी रविवर्म्याचा छापखाना घाटकोपरला होता. तिथे आधी तयार असलेल्या तैलचित्राचे रंग कारागीर वेगवेगळ्या शिळांवर उतरवून घेत. म्हणजे त्या तसबिरीमागे एक मूळ चित्र उभे असते. पॅरिसची ती अर्कचित्रे काढणारा ओनोरे दोमिए मात्र तेलकट खडूने थेट शिळेवरच रेखाटायचा. छपाई आटोपली की शिळा घासून पुन्हा वापरात यायची. त्याच्या सुमारे चार हजार शिळाछापांपैकी बहुतेकांना छापील प्रतीपलीकडे दुसरे मूळ नाहीच. चित्राखालचा मजकूर पुष्कळदा दुसऱ्यांनी लिहिलेला असे, हा आक्षेप खरा आहे. पण मजकूर झाकून ठेवला, तरी एखाद्या वकिलाच्या ताठ मानेतला दंभ लपत नाही. ती रेषा दोमिएच्याच हातची आहे.

दर्दी मंडळी आणखी एक अट घालतात: मागची बाजू कोरी असलेली प्रतच घ्यावी, ही चित्रे छापणाऱ्या पॅरिसच्या ‘शारिवारी’ या वर्तमानपत्राच्या अंकातली नको. छपाईच्या दर्जापुरते हे मला मान्य आहे. कोऱ्या प्रतीत काळा रंग अधिक खोल उतरतो. पण फ्रान्सच्या राजाच्या व्यंगचित्रापायी १८३२ साली दोमिए तुरुंगात गेला, १८३५च्या कायद्यांनी राजकीय व्यंगचित्रांची वाट बंद केली, आणि मग तो समाजातल्या बड्या मंडळींकडे वळला. ही कोंडी समजायला अंकाची तारीख आणि पानामागच्या बातम्या हव्यातच. शिवाय लंडनच्या ‘पंच’ने १८४१ साली ‘लंडनचा शारिवारी’ असेच उपनाव लावले आणि त्या ‘पंच’च्या धर्तीवर १८५४ साली मुंबईत ‘पारसी पंच’ निघाला. आपल्या व्यंगचित्रांच्या वंशावळीतले पान परके कसे?

राहिला टिकाऊपणा. १८३०च्या दशकातला कागद चिंध्यांच्या लगद्याचा. पुढच्या काळातल्या लाकडी लगद्याच्या कागदापेक्षा तो कितीतरी चिवट. त्याला धोका आहे तो आपल्या दमट हवेचा आणि चौकटीमागच्या प्लायवुडचा. पाठीला आम्लरहित पुठ्ठा लावावा आणि पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर चित्र टांगू नये.