सुपरनोव्हाला नाव कसे मिळते? एका दीर्घिकेतले दोन स्फोट

ठाण्यातील कोपरीसारख्या दिव्यांनी उजळलेल्या वस्तीतही मे महिन्यात रात्री गच्चीवर गेले, की उत्तरेला सप्तर्षी ओळखता येतात. शेपटीकडचे वसिष्ठ आणि मरीची हे तारे घेऊन एक त्रिकोण कल्पिला, तर त्याच्या तिसऱ्या टोकाला एम १०१ ही दीर्घिका येते. ती सुमारे २ कोटी १० लाख प्रकाशवर्षे दूर असल्याने नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. या दीर्घिकेत १२ वर्षांत दोन तारे फुटताना दिसले. अशा फुटणाऱ्या ताऱ्याला सुपरनोव्हा किंवा अतिनवतारा म्हणतात.

पहिला २४ ऑगस्ट २०११ रोजी अमेरिकेतील 'पालोमार ट्रान्झियंट फॅक्टरी' या आकाशपाहणीत सापडला. तिचे प्रमुख होते श्रीनिवास कुलकर्णी, जन्म कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाडचा. पद्धत ऐकायला सोपी आहे. आकाशाच्या त्याच तुकड्याचे पुन्हा पुन्हा फोटो घ्यायचे आणि नव्यातून जुना वजा करायचा. जे उरेल ते नवे. पण उरलेल्यांत लघुग्रह, रूपविकारी तारे, कॅमेऱ्यातले दोष असे बरेच काही असते, आणि खरी मेहनत ते गाळण्यात जाते. हा तारा मात्र स्फोटानंतर काही तासांतच हाती लागला.

दुसरा १९ मे २०२३ रोजी जपानचे हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांनी शोधला.

पहिल्याचे नाव एसएन २०११एफई, दुसऱ्याचे एसएन २०२३आयएक्सएफ. आधी वर्ष, मग क्रम. वर्षातल्या पहिल्या २६ शोधांना ए ते झेड हे एकेक मोठे अक्षर मिळते, पुढच्या ६७६ शोधांना लहान अक्षरांच्या जोड्या आणि त्यानंतर तीन अक्षरे. या हिशोबाने 'एफई' हा १६१ वा, तर 'आयएक्सएफ' ६७१४ वा, तोही मे महिन्यातच!

म्हणजे तारे जास्त फुटू लागले का? नाही. दुर्बिणी वाढल्या हे एक कारण. दुसरे कारण नियमाचे. पूर्वी खातरजमा झाल्यावर क्रम मिळे. २०१६ पासून आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेचा 'ट्रान्झियंट नेम सर्व्हर' प्रत्येक संशयिताला लगेच क्रम देतो, फक्त आधी 'एटी' लावून. वर्णपटावरून सुपरनोव्हा असल्याचे ठरले, की 'एटी'च्या जागी 'एसएन' येते. अक्षरे तीच राहतात.

वर्णपट प्रकारही सांगतो. २०११ च्या ताऱ्यात हायड्रोजन नव्हता, सिलिकॉन होते. तो १ए प्रकारचा, म्हणजे श्वेतबटूचा स्फोट. अशा स्फोटांचा उपयोग दूरच्या दीर्घिकांची अंतरे मोजायला होतो. २०२३ च्या ताऱ्यात हायड्रोजन होता. तो दुसऱ्या प्रकारचा, गाभा कोसळून फुटलेला प्रचंड तारा. लडाखमधील हानले येथील हिमालयन चंद्र दुर्बिणीने त्याचे वर्णपट घेतले. तिथेच भारतीय खगोलभौतिकी संस्था आणि आयआयटी मुंबई यांची ०.७ मीटरची ग्रोथ-इंडिया ही स्वयंचलित दुर्बीणही आहे. अशा नव्या स्फोटांचा पाठपुरावा करणे हेच तिचे मुख्य काम.