पुदिना-तुळशीचे जिन कॉकटेल घरी करण्यापूर्वी

एप्रिल-मे महिन्यांत धाराशिव, तुळजापूर, परंडा भागात पारा चाळिशी ओलांडतो. अशा वेळी पुदिना, तुळस, लिंबू घातलेली जिन थंडावा देईल असे वाटते. प्रत्यक्षात मद्यामुळे लघवी वाढते आणि शरीरातील पाणी कमी होते. ४२.८ टक्के तीव्रतेच्या ३० मिली जिनमध्ये सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असते. पाने घातल्याने ते कमी होत नाही.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेत असाल तर मद्य टाळा. मद्यामुळे यकृतातून रक्तात साखर सोडली जाण्याची क्रिया मंदावते. त्यामुळे काही तासांनी, अगदी पहाटेही, साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे पाहून ‘चढली आहे’ असे समजून रुग्णाला झोपवू नका. ग्लुकोमीटरने साखर तपासा. रुग्ण शुद्धीत असेल तर साखरपाणी द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

थंडाव्यासाठी जिन वगळूनही हेच पेय करता येते : एक ग्लास पाणी, अर्ध्या लिंबाचा रस, चुरडलेली ८-१० पुदिन्याची व २ तुळशीची पाने, २० मिनिटे भिजवलेला १ चमचा सब्जा, चिमूटभर मीठ. उच्च रक्तदाब असल्यास मीठ वगळा. मधुमेह असल्यास त्यात साखर घालू नका.