शेक रोज थोडा थोडाच का?

कॅन्सरच्या पेशंटला शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू झाला की घरचे हमखास विचारतात, "पाच आठवडे खेपा कशाला? एकदाच जास्त देऊन मोकळं करा की!" याचं उत्तर आज आपण इतिहासात पाहू.

१८९५ साली जर्मनीत राँटगेन यांना क्ष-किरण सापडले. वर्षभरातच डॉक्टर ते गाठीवर सोडू लागले. पण ते किरण कमी ताकदीचे. गाठ खोल असली तर आधी वरची कातडीच भाजून निघायची.

पुढे पॅरिसमध्ये रेगो या डॉक्टरांनी मेंढ्यांवर प्रयोग केले. मेंढ्याच्या वृषणात बीजपेशी भराभर वाढतात, कॅन्सरच्या पेशींसारख्याच. एकाच दिवशी मोठा डोस दिला की कातडी जळायची, तरी मेंढा वांझ होत नव्हता. तोच डोस थोडा थोडा वाटून दिला, तर मेंढा वांझ झाला आणि कातडीही शाबूत राहिली! त्यांचे सहकारी कुटार यांनी १९२०च्या दशकात हीच रीत घशाच्या कॅन्सरला लावली.

दोन डोसांच्या मधल्या वेळात निरोगी पेशी स्वतःची डागडुजी करतात. कॅन्सरच्या पेशींना ती तितकी साधत नाही. मात्र मध्येच खूप दिवस खाडा झाला, तर उरलेल्या पेशी पुन्हा फोफावतात.

किरणही सुधारले. १९५१ मध्ये कॅनडात कोबाल्टचं मशीन आलं. त्याचे किरण कातडीला कमी त्रास देऊन खोलवर जातात. आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेही असं मशीन बनवलं, त्याचं नाव भाभाट्रॉन. १९५३ मध्ये लंडनला विजेवर चालणाऱ्या लिनॅकवर उपचार सुरू झाले. वरवरच्या गाठीला इलेक्ट्रॉनचे किरण देतात, ते फार खोल जात नाहीत. प्रोटॉनचे किरण ठरावीक खोलीवर जाऊन थांबतात. कुठले द्यायचे, ते डॉक्टर गाठीची जागा पाहून ठरवतात.

डोस 'ग्रे' या मापात मोजतात. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरला बाहेरून साधारण ४५ ते ५० ग्रे, सुमारे २५ दिवसांत वाटून देतात. त्यानंतर आतूनही शेक देतात.

म्हणून आमचं सांगणं एवढंच: सुगी आली, म्हैस व्यायली, पोरांची परीक्षा आली, तरी शेक अर्धवट सोडू नका. त्रास झाला तर डॉक्टरांना सांगा. गटातल्या बाईचा शेक चालू असेल, तर तिची धार आपण काढू, पोरांना आपण जेवू घालू. तिचा एकही दिवस चुकू द्यायचा नाही.